डोक्याला मार बसल्यानंतर घरच्यांचे काम

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरी सहा वर्षे जे केले आणि जाणत्यांकडून जे समजून घेतले, तेवढेच सांगते.

2019 साली माझे धाकटे दीर स्कूटरवरून पडले. डोक्याचे टाके निघाले, चालूबोलू लागले. सगळे म्हणाले, ‘देवाने तारले!’ परंतु भावजींना सकाळचे दुपारी आठवेना. दूध गॅसवर ठेवून बाहेर निघून जात. हातपाय धड, म्हणून लोक आळशी म्हणू लागले. मेंदूची जखम वरून दिसत नाही ना!

रुग्णालयातील मानसतज्ज्ञ बाईंनी आम्हांस तीन गोष्टी शिकविल्या.

पहिली, स्मरण गेलेल्या माणसाला ‘आठवा पाहू’ म्हणून ताटकळत ठेवू नये. चुकीचे उत्तर तोंडून निघाले, तर तेच मनात ठसते. आधी बरोबर सांगावे, मग खूण हळूहळू कमी करावी.

दुसरी, स्मरणाची उणीव वहीने भरून काढावी. वही उघडून पाहण्याची सवय लागायलाच चार महिने गेले.

तिसरी, जे काम यावे असे वाटते, तेच करून घ्यावे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने लक्ष स्थिर होण्यासाठी मिसळलेली धान्ये वेगळी करण्याचा अभ्यास वापरला आहे. आम्हीही ताट मांडले. पण धान्य निवडून बाजारहाट येत नाही. त्यासाठी बाजारातच जावे लागते. प्रथम मी बरोबर जाई, पुढे दहा पावले मागे राही. आता भावजी यादी घेऊन एकटे जातात.

त्या बाईंनी एक हकीकत सांगितली. लेव्ह झासेत्स्की हा रशियन सैनिक 1943 मध्ये डोक्यात गोळी लागून जखमी झाला. वाचणे-लिहिणे गेले. डॉक्टर अलेक्झांडर लूरिया यांच्या देखरेखीखाली तो पुन्हा अक्षरे शिकला. स्वतःचे लिखाण वाचणेही त्याला जड जाई. तरी सुमारे 25 वर्षे लिहीत राहून त्याने आपल्या आजाराची जवळजवळ 3000 पाने लिहिली. तो पूर्ववत झाला नाही. पण शिकलेले त्याला आयुष्यभर पुरले.

आमचे भावजीही पूर्वीसारखे झालेले नाहीत. दुकानाचा हिशेब जमत नाही. थकले की चिडतात. परंतु आता ते चार तास घरी एकटे राहू शकतात. त्यामुळे माझी धाकटी जाऊ, जिने शिवणाचे काम सोडले होते, ती पुन्हा कामावर जाते. या शिक्षणाचे फळ एकट्या रोग्याला मिळत नाही, सगळ्या घराला मिळते. मात्र ते महिन्यांनी नव्हे, वर्षांनी मोजावे लागते.

म्हणून मंडळास एक विनंती. आपल्या आळीत असे घर असेल, तर फळे देऊन परत फिरू नका. आठवड्यातून एक तास त्या माणसाला बाजारापर्यंत सोबत करा. तेवढाच वेळ त्या घरच्या बाईला पाठ टेकता येईल.