पाटीच्या आधी बोटं

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. पोरगं साडेतीन वर्षांचं झालं, अंगणवाडीत नुसतं खेळवतात, अजून 'अ' काढता येत नाही. मग केजीत टाकायचं का? त्या फीसाठी गटातून कर्ज मागणाऱ्याही आहेत. कर्जाचं गट ठरवेल. आधी लेकराच्या हाताबद्दल ऐका.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटातली लहान हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. ती एकेक करून कडक होतात, आणि त्याला बरीच वर्षं लागतात. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात हलवून रेघ ओढतं. अंगठा आणि दोन बोटांत पेन्सिल धरणं बहुतेकांना पाच-सहा वर्षांच्या सुमारास नीट जमतं. त्याआधी आपण हात धरून गिरवून घेतलं, तर पाटीवर अक्षर उमटतं खरं, पण ते आपलं असतं. वरून 'नीट काढ' म्हणून धपाटा. मग पाटी दिसली की पोरगं खाटेखाली लपतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं कामाला लावली. अंगणात बालवाडी भरवायची कल्पना त्यांच्याच कामातून पुढे आली. तेव्हा 'नुसतं खेळवतात' म्हणून नाक मुरडू नका.

आपल्या घरात तर साधनांचा ढीग आहे. कणीक मळताना एक गोळा लेकराला द्या. तुरीच्या शेंगा सोलू द्या, त्यात अंगठा आणि तर्जनी दोन्हींना जोर लागतो. धुतलेला रुमाल पिळायला द्या. मोहफुलं वेचायला पोरं सोबत येतातच, तेही बोटांचंच काम. पोळ्याला मातीचे बैल करू द्या, शिंगं वाकडी झाली तरी चालतील. ओल्या फडक्याने भिंतीवर रेघा ओढल्या तर खांदा आणि मनगट दोन्ही बळकट होतात. आणि हे सगळं मुलीच्याच वाट्याला नको. शेंगा सोलायला मुलगाही बसवा, लिहायचं त्यालाही आहे.

चिंचोके, दाणे खेळायला दिले तर जवळ बसा. लहानगी ते नाकात नाहीतर तोंडात घालतात. खडू अख्खा देऊ नका, बोटभरही नको. नखाएवढा तुकडा मुठीत मावत नाही, म्हणून आपोआप चिमटीत धरला जातो. डाव्या हाताने करत असेल तर करू द्या.

पाच वर्षांचं मूल बटण लावताना फार अडत असेल, एक हात वापरतच नसेल, तर रागावू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मजुरीला जाण्याआधी लेकराला तिथे पोचवा.