पडक्या वसईची शाळा



रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावं आता आपल्याला नवी राहिलेली नाहीत. आपल्या तलासरीतल्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रकची रांग लागलेली असते आणि बाजूच्या टपरीत कुणीतरी मोबाईलवर व्हेनिसच्या होड्या बघत बसलेलं असतं. तिथे जाणं मात्र सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही. आणि समजा झेपलं, तरी एक अडचण उरतेच. जुनी इमारत समोर उभी राहिली की तिच्यात बघायचं तरी काय? आपण मान वर करतो, ‘केवढं मोठं!’ म्हणतो, फोटो काढतो आणि चहा कुठे मिळेल ते शोधू लागतो.

आज या ‘केवढं मोठं’च्या पुढे कसं जायचं, ते बोलू या. त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. आपल्याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसईचा किल्ला आहे. त्याच्या तटाच्या आत एक अख्खं युरोपीय शहर पडक्या अवस्थेत उभं आहे. ते पडकं आहे, हीच शिकणाऱ्याची सोय. नांदत्या इमारतीवर गिलावा असतो, रंग असतो, सोन्याचा मुलामा असतो. तिथे डोळे दिपतात आणि मूळ बांधणी झाकलेली राहते. वसईत छपरं गेली, गिलावा गळला, भिंती उघड्या पडल्या. इमारत कशावर उभी राहते, ते तिथे आपसूक दिसतं.

इटलीवाले तरी कुठे शिकले? पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचा ब्रुनेलेस्की रोमला गेला आणि पडक्या रोमन इमारतींची मापं घेत फिरला. पुढच्या शतकात पाल्लाडिओनेही तेच केलं. त्या मापांतून खांब, कमान, त्रिकोणी माथा यांचे नियम पुन्हा ठरले. इटलीतून ते युरोपभर पसरले, पोर्तुगालला पोचले आणि तिथून गलबतांत बसून आपल्या किनाऱ्याला लागले.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षं ती त्यांच्या ताब्यात राहिली. दमणपासून चौलपर्यंतच्या त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं वसई हे मुख्य ठाणं. डहाणू, तारापूरचे कोटही याच साखळीतले. त्या काळात मिलानचा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती नावाचा इंजिनिअर हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज मुलखाचा मुख्य स्थापत्यकार होऊन आला. आफ्रिकेत मोंबासाला फोर्ट जीझस आहे, तो त्याने आखला. १५९६ साली गोव्यात तो वारला. म्हणजे इटलीची विद्या या किनाऱ्यावर पुस्तकातूनही आली आणि माणसाच्या पायांनीही आली.

आता किल्ल्यात शिरू. आधी तटाकडे बघा. रायगड-राजगडाचे गोल बुरूज आपल्या डोळ्यांत बसलेले असतात. वसईचे बुरूज बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले आहेत. हा आकार शोभेसाठी आला नाही. १४९४ साली फ्रेंच राजा इटलीत तोफा घेऊन घुसला आणि जुन्या उंच, सडपातळ भिंती धडाधड कोसळल्या. तेव्हा इटालियन इंजिनिअरांनी तट बुटका आणि जाड केला, त्याच्यात माती भरली आणि बुरुजाला कोन दिला. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू दडून बसला, तर वरच्या तोफेला तो दिसत नाही. कोन असलेल्या बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरून दिसते. बुरुजावर उभे राहा आणि शेजारच्या बुरुजापर्यंत नजर सरळ नेऊन बघा. मध्ये कुठेच लपायला जागा नाही, हे लगेच लक्षात येईल. ती नजर म्हणजेच गोळ्याची वाट.

इथून आत गेलं की चर्चचे सांगाडे लागतात. आज ओळख करून घ्यायची ती जेझुइट पंथाच्या चर्चची. त्याची स्थापना १५४९ सालची. दर्शनी भिंतीसमोर वीसेक पावलं लांब थांबा. जवळ जायची घाई नको.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी लग्नात भिंतीवर चौक लिहितात. सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आधी चौकट आखतात. चौकटीच्या पट्ट्यांत नक्षी भरते. मग मधोमध पालघट देवी येते आणि तिच्या आजूबाजूला फणी, शिडी, सूर्य, चंद्र. चौक बघताना आपली नजर कशी जाते? आधी कडा, मग मध्य, मग बाकीचं. चर्चची दर्शनी भिंत नेमकी याच क्रमाने बघायची. दोन्ही अंगांचे खांब आणि वरची आडवी पट्टी ही चौकट. मध्ये कमानदार दार. दाराच्या बाजूला ढालीसारख्या आकारात कोरलेली आय-एच-एस ही अक्षरं. ती येशूच्या नावाची खूण आणि जेझुइटांचा शिक्का. डोळा सरळ दारातून आत शिरावा, म्हणून बाकी सगळी मांडणी. रोममध्ये जेझुइटांचं मूळ चर्च आहे, ‘इल जेझू’. १५६८ ते १५८४ या काळात ते बांधलं. तेही याच घराण्यातलं. आकाराने मोठं, मुलाम्याने झगमगणारं, पण नजर फिरवायची रीत हीच.

चौक वाचणारा डोळा परदेशात परका ठरत नाही, याचा पुरावा आपल्याच तालुक्यात जन्मला. तो म्हणजे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे. तलासरीतलं धामणगाव हे त्यांचं जन्मगाव. पुढे ते डहाणूकडे राहिले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००४ साली इटलीत मिलान शहरात त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामाशेजारी लागली होती. मिलानचा कैराती इकडे आला आणि चारशे वर्षांनी तलासरीची रेघ मिलानला गेली.

आता भिंतीजवळ जा. खांबाचे तीन भाग निरखा. खाली बैठक. तिच्यावर उभ्या पन्हळी कोरलेला दांडा. ऊन तिरपं असलं की प्रत्येक पन्हळीत सावलीची एक रेघ उभी राहते आणि जड खांब हलका भासतो. म्हणून सकाळी किंवा कलत्या उन्हात जावं. भर दुपारी हे काम दिसतच नाही. खांबाच्या माथ्यावर पानांचा गुच्छ असतो. खांबांच्या या प्रकाराला कोरिंथियन म्हणतात. ती पानं अकँथस नावाच्या झुडपाची, भूमध्य समुद्राकाठची. इथल्या ज्या पाथरवटाने ती कोरली, त्याने ते झुडूप कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्याच्यासमोर असणार नमुना किंवा कागदावरचं चित्र. पण गंमत अशी, की त्याच अकँथस वंशातलं एक झुडूप आपल्या खाड्यांत तिवरांच्या चिखलात वाढतं. मारांडी म्हणतात तिला. काटेरी पानं, निळसर जांभळी फुलं. खाडीवर मासेमारीला जाणाऱ्यांनी ती नक्की पाहिली आहे. किल्ल्यातलं पान आणि खाडीतलं पान एकदा शेजारी ठेवून बघा. कोरणाऱ्याने कुठे नमुना पाळला आणि कुठे आपला हात चालवला, याचा अंदाज येऊ लागेल.

वसईच्या दगडाला त्या काळी फार मागणी होती. जुन्या गोव्यात बॉम जेझूचं चर्च आहे, जिथे संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी आहे. ते जांभ्या दगडाचं, पण त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या घडीव कामाचा बेसाल्ट वसईहून गेलेला आहे.

दारातून आत या आणि वर बघा. छप्पर नाही, आकाश आहे. फ्रान्सिस्कन पंथाच्या सेंट अँथनी चर्चमध्ये मोठमोठ्या कमानी अजून उभ्या आहेत. कमान बांधताना आधी लाकडाचा साचा उभारतात, आजच्या स्लॅबच्या सेंटरिंगसारखा. दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडवलेले दगड चढवत आणतात आणि शेवटी मधोमध चावीचा दगड बसवतात. साचा काढला की प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटतो. खाली पडायला निघालेले दगड एकमेकांना पडू देत नाहीत आणि भार दोन्ही पायांतून जमिनीत उतरतो. छप्पर गेलं, वर झाडं उगवली, मुळं फटींत शिरली, तरी कमान उभीच. पायाखाली कबरींचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि नावं. पाय जपून ठेवा.

मठांच्या भिंतींत एका ओळीत चौकोनी खळगे दिसतील. तिथे वरच्या मजल्याच्या तुळया बसत होत्या. मजला गेला, खळगे राहिले. त्यांच्या ओळीवरून तळमजला किती उंच होता, ते तुम्ही खाली उभ्यानेच सांगू शकाल. वसई आणि दमण ही सागवानी जहाजं बांधणारी बंदरं. आतल्या डोंगरी मुलखातला साग तिकडे उतरत असे.

हे शहर नांदतं असताना एका इटालियनाने पाहिलं होतं. जेमेल्ली कारेरी हा इटलीच्या दक्षिणेकडचा गृहस्थ, नेपल्सच्या राज्यातला. पदरचा पैसा खर्चून जगप्रवासाला निघालेला. १६९५ साली तो वसईत आला. सरळ, रुंद रस्ते आणि मोठा चौक त्याने नोंदवून ठेवला. हे सगळं वैभव निर्मळ नव्हतं. त्याच राजवटीत देवळं पडली आणि धर्मासाठी लोकांचा छळही झाला. चिमाजी आप्पांची मोहीम याच पार्श्वभूमीवर निघाली. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी सुरुंगांनी बुरूज फोडले आणि वसई घेतली. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक आजही आहे, १७२१ साल कोरलेली. इतिहासाचा राग आणि कलेची दाद या दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात. घंटा वितळवून न टाकता देवळात टांगणाऱ्यांना हे कळत असावं.

आता पोटाचं. शहर बघायला जावं आणि तिथलं खाऊ नये, हे अर्धवट दर्शन. किल्ल्याबाहेर वाड्या आहेत, आणि इथल्या ख्रिस्ती घरांचा स्वयंपाक निराळा. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात भाजून, कुटून बाटल्यांत दाबून भरतात, म्हणून तो बाटली मसाला. सणाला इंदयाल होतो, आंबट-तिखट, व्हिनेगर घातलेला. त्याच्यासोबत फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि आंबवायला ताडी. पीठ इतकं सैल ठेवायचं की लाटता येणार नाही. ते मुठीत घ्यायचं आणि अंगठा व तर्जनीच्या मधून गोळा पिळून कढत तेलात सोडायचा. जमलेला फुगा तेलात आपला आपणच उलटतो, झारा लावावा लागत नाही. खांबाची जी गोष्ट तीच इथे. नमुना परदेशी, ताडी आपल्या झाडाची. शिवाय वसईची सुकेळी आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या सोपटात बांधतात. घरी न्यायला तीच बरी.

शेवटी, वसई आणि दमण ही दोन्ही पोर्तुगीज ठाणी पाहायचा क्रम. अच्छाडहून दमण कितीतरी जवळ, म्हणून पहिल्यांदा तिकडेच पाय वळतील. माझं ऐकाल तर आधी वसई करा. डहाणूहून लोकल आहे. पायांत बूट घाला, वही-पेन्सिल घ्या, मोडक्या जिन्यांवर आणि मनोऱ्यांवर चढू नका. एकच दार निवडून ते वहीत काढा. चित्र चांगलं यायला हवं असं मुळीच नाही. रेघ काढायला हात थांबतो, तेव्हाच डोळा नीट बघतो. काढताना स्वतःला तीन गोष्टी विचारा: चौकट कुठे संपते? भार कुठून कुठे उतरतो? आणि हे कोरणारा हात कुणाचा?

मग मोटी दमणला जा. तिथला तट धड आहे, आतले रस्ते आखल्यासारखे सरळ आहेत, लोक राहतात आणि १६०३ सालचं बॉम जेझू चर्च छपरासह, कोरीव सोनेरी वेदीसह उभं आहे. वसईत तुम्ही हाडं पाहिलेली असतील, त्यामुळे दमणच्या सोन्याने डोळे दिपणार नाहीत. तुळई कुठे आहे, खांब खरा भार घेतो की नुसता भिंतीला चिकटवला आहे, हे तुम्ही स्वतः ओळखाल, आणि सोबतच्या पोरांना दाखवाल. पुढेमागे रोमला जायचा योग आलाच, तर तिथे तुम्हाला गाईड लागेल तो फक्त रस्ता विचारायला.