आठ दिवसांचा विमा आणि वीस टक्क्यांची कात्री

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आजच्या सभेसाठी कार्यवाहांनी आम्हाला विषय विचारला. आम्ही म्हणालो, "मोटारीचा विमा." त्यांचा चेहरा जरा उतरला. शाळांतले मराठीचे वर्ग, मतदारयाद्या, नाहीतर सीमाभागातली परिस्थिती यावर आम्ही बोलू, असे त्यांना वाटले होते. त्या विषयांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. पण या सभागृहात आज जितकी कुटुंबे बसली आहेत, त्यांतल्या बहुतेक सगळ्यांच्या दारात एक मोटार नाही तर निदान एक स्कूटर उभी आहे, आणि तिच्या विम्याचा कागद कपाटात न वाचता पडलेला आहे. आमचाही तसाच पडला होता. तो वाचायची वेळ कशी आली, ते सांगतो.

2025 च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या गाडीच्या विम्याची मुदत 17 तारखेच्या मध्यरात्री संपत होती. दांडिया बाजारातले आमचे विमा प्रतिनिधी आधीच घरी येऊन चेक घेऊन गेले. त्यांचे वडील आमच्या वडिलांचे विमे करीत, तेव्हा हा संबंध दोन पिढ्यांचा. इकडे पुण्याला असलेल्या आमच्या चिरंजिवांना काळजी, की बाबा विसरतील. त्यांनी तिथे बसल्या बसल्या फोनवरून दुसऱ्या एका कंपनीचा विमा काढून टाकला, आणि आम्हाला सांगायचे राहून गेले! गाडी एक, विमे दोन. दोन्ही 18 एप्रिलपासून सुरू. आठवड्याभराने दुसऱ्या कंपनीचा कागद हाती आला तेव्हा उलगडा झाला.

कोणी म्हणेल, असू द्या, दुप्पट संरक्षण. तसे ते नसते. गाडीच्या नुकसानीचा विमा हा भरपाईचा करार आहे. बंपर एकदा फुटला तर दोन कंपन्यांकडून दोन बंपरांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे एक हप्ता निव्वळ वाया. आम्ही पुण्याहून काढलेला विमा रद्द करायचे ठरवले. त्याचा हप्ता होता 9,125 रुपये. 365 ने भागून पाहा, दिवसाला बरोबर 25 रुपये पडतात.

25 तारखेला, म्हणजे आठव्या दिवशी, कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता. त्याने प्रथम सांगितले, "सर, आपला फ्री लूक पीरियड संपला." आम्ही विचारले, तो किती दिवसांचा असतो? त्याने आम्हाला पाच मिनिटे संगीत ऐकवले आणि परत येऊन सांगितले, "सर, मोटारीला फ्री लूक नसतोच." मग पैसे किती परत मिळणार? "सर, शॉर्ट पीरियड स्केलप्रमाणे वीस टक्के कापून." म्हणजे 1,825 रुपये कापणार. आठ दिवसांचे!

आता इथे थोडे थांबू, कारण या तीन उत्तरांतले मधले उत्तर खरे आहे आणि पुष्कळांना ते ठाऊक नाही. विमा घेतल्यावर कागद वाचून मन बदलले तर तो परत करण्याची जी मुदत असते, जिला इंग्रजीत फ्री लूक किंवा कूलिंग ऑफ म्हणतात आणि आपण फेरविचाराची मुदत म्हणू, ती आपल्या देशात आयुर्विम्याला आणि आरोग्यविम्याला आहे. पूर्वी ती साधारणतः 15 दिवसांची होती, 2024 च्या नियमांनी 30 दिवसांची झाली. आरोग्यविम्यात ती नव्या पॉलिसीला मिळते, नूतनीकरणाला नाही. मोटारीच्या विम्याला ती या नावाने कुठेच नाही. गाडीच्या विम्यालाही 30 दिवस मिळतात, असे अनेकजण ठामपणे सांगतात. त्यावर विसंबू नका.

ज्यांची मुले इंग्लंडात आहेत ते म्हणतील, तिकडे तर गाडीच्या विम्यालाही 14 दिवस मिळतात. मिळतात, हे बरोबर. पण तिथेही सगळे पैसे परत येतात असे नाही. जितके दिवस संरक्षण मिळाले त्याचे पैसे आणि वर वाजवी खर्च कंपनीला कापता येतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर तिथेही कुरबुरी चालूच असतात.

आता ते वीस टक्के कुठून आले ते पाहू. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये एक कोष्टक होते. ग्राहकाने मध्येच विमा रद्द केला तर कंपनीने किती ठेवून घ्यायचे याचे. एक महिन्यापर्यंत 20 टक्के, दोन महिन्यांपर्यंत 30, तीनपर्यंत 40, असे दर महिन्याला दहा दहाने वाढत आठ महिन्यांपर्यंत 90 टक्के. आठ महिने उलटले की सगळाच हप्ता कंपनीचा. एक दिवस वापरा नाहीतर तीस दिवस, वीस टक्के गेलेच. 1 जानेवारी 2007 पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांना खुले झाले, पण अटींचा जुना सांगाडा तसाच राहिला आणि हे कोष्टकही त्याबरोबर राहिले. त्याला कोणी दंड म्हणत नसे, त्याचे नाव दरपत्रक होते. पैसे मात्र दंडासारखेच जात.

हे चित्र 11 जून 2024 रोजी बदलले. त्या दिवशी विमा नियामक प्राधिकरणाने, ज्याचे मुख्यालय हैदराबादला आहे, सर्वसाधारण विम्याबद्दल एक मोठे परिपत्रक काढले. त्यात म्हटले आहे, की किरकोळ ग्राहकाला आपला विमा मुदतीत केव्हाही रद्द करता येईल, आणि का करतो आहे हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. मुदत एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात दावा केलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा हप्ता प्रमाणात परत द्यायचा. प्रमाणात या शब्दाकडे लक्ष द्या. आमच्या बाबतीत आठ दिवसांचे 200 रुपये कंपनीचे, 8,925 आमचे. उलट बाजूने कंपनीला विमा रद्द करायचा असेल तर सिद्ध झालेली फसवणूक हे एकच कारण चालते, आणि निदान सात दिवसांची सूचना द्यावी लागते.

म्हणजे फेरविचाराची मुदत नाही, पण एका परीने त्याहून बरे काही आहे. तिसाव्या दिवशी संपणारा हक्क नाही, तीनशेव्या दिवशीही तो चालतो. जुन्या कोष्टकात नवव्या महिन्यात एक पैसाही मिळत नव्हता. आज नऊ महिने वापरून रद्द केला तर सुमारे पाव हप्ता परत यायला हवा.

हे आम्हाला फोनवर कोणी सांगितले नाही. चिरंजिवांनी परिपत्रक शोधून काढले, आम्ही चष्मा लावून ते वाचले आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाच ओळींचे पत्र ई-मेलने पाठवले. पॉलिसी क्रमांक, रद्द करण्याची तारीख, दावा केलेला नाही हे विधान, परिपत्रकाची तारीख, आणि आमच्या हिशेबाने परत यायची रक्कम. शेवटची ओळ महत्त्वाची. "योग्य ती रक्कम परत करावी" असे मोघम लिहिले तर योग्य काय ते कंपनी ठरवते. सोबत दुसऱ्या विम्याची प्रत जोडली, तीही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमाप्रमाणे तृतीय पक्षाच्या विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून गाडीला दुसरीकडे संरक्षण आहे याचा पुरावा कंपनी मागते. ते मागणे रास्त आहे. विमा आधी रद्द करून दुसरा नंतर काढू असे कोणी करू नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्या मधल्या दिवसात कोणाला धक्का लागला तर भरपाईचा बोजा पुढे कुटुंबावर येतो, त्यापुढे दंड काहीच नाही.

आमच्या सौ. म्हणाल्या, सोळाशे रुपयांसाठी केवढा हा पत्रव्यवहार! रक्कम 1,625 होती, हे आम्ही नम्रपणे सुधारले. सतरा दिवसांनी 8,925 रुपये खात्यात आले. सोबतच्या पत्रात दिलगिरी नव्हती, स्पष्टीकरणही नव्हते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की ज्याने पत्र लिहिले त्याला पैसे मिळाले. त्या दिवशी त्याच मुलाला फोन करून "बरं, कापा" म्हणणारे किती असतील?

कंपनीने दाद दिली नाही तर काय, हे थोडक्यात सांगतो. आधी तक्रार लेखी कंपनीकडेच द्यायची. नियामकाचा 155255 हा क्रमांक आहे आणि बीमा भरोसा नावाची तक्रारीची व्यवस्था आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. आपले पत्रक अनेक गावी जाते म्हणून सांगतो: आम्हा बडोदेकरांना अहमदाबादचे कार्यालय, इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मंडळींना भोपाळचे, बेळगावकरांना बंगळूरचे, गोव्याला पुण्याचे, आणि हैदराबादला हैदराबादचेच.

आता ज्यासाठी हा विषय आम्ही मंडळापुढे आणला, तिकडे येतो. या परिपत्रकात एक मोठी फट आहे. प्रमाणात परतावा आहे तो एक वर्षापर्यंतच्या विम्याला. त्याहून लांब मुदतीच्या विम्यात, ज्या वर्षांचे संरक्षण अजून सुरूच झालेले नाही, तेवढ्याच वर्षांचा हप्ता परत करायचा आहे. चालू वर्षाबद्दल शब्द नाही. आणि नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाकडे लांब मुदतीचा विमा असतो, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम काढावा लागतो. सरकारने 2022 मध्ये ठरवलेल्या दराने, 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीला त्याचे तीन वर्षांचे 10,640 रुपये होतात.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. दसऱ्याला गाडी घ्यायची, सगळे घर शोरूममध्ये, नारळ फोडायची घाई. विक्रेता म्हणतो, विमा इथेच करू, गाडी लगेच मिळेल. तो ग्राहकावर जबरदस्ती करू शकत नाही, पण पेढ्याचा बॉक्स हातात असताना कोण वाद घालतो? चार दिवसांनी कळते, की दुसरीकडे हाच विमा बराच स्वस्त होता. रद्द करायला गेलात, तर परिपत्रक शब्दशः वाचणारी कंपनी म्हणेल, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे घ्या, पहिले वर्ष सुरू झाले. म्हणजे चार दिवसांसाठी तृतीय पक्ष विम्याचा अख्ख्या वर्षाचा वाटा, सुमारे साडेतीन हजार, गेला. जुन्या कोष्टकातल्या वीस टक्क्यांपेक्षाही हे वाईट. घाईत सही करणाऱ्या ग्राहकालाच फेरविचाराच्या मुदतीची खरी गरज, आणि नेमकी त्यालाच ती नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आम्ही स्वतः इंग्रजी वाचणारे, तरी शॉर्ट पीरियड स्केल म्हणजे काय हे आम्हाला विचारावे लागले. आपल्या वाड्यांतल्या किती आजी-आजोबांच्या नावावर गाडी आहे? याच बडोद्यात 1931 साली सयाजीराव महाराजांच्या दरबारने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश काढला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले, मराठीसुद्धा. संस्थानाला जे जमले ते विमा कंपन्यांना एका पानापुरतेही जमू नये?

तेव्हा आम्ही ठरावाचा मसुदा आणला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. नव्या वाहनाच्या लांब मुदतीच्या विम्याला 30 दिवसांची फेरविचाराची मुदत द्यावी, आणि त्यात वापरलेल्या दिवसांखेरीज काही कापू नये. प्रत्येक पॉलिसीच्या पहिल्या पानावर, आज रद्द केल्यास दिवसाला किती कापले जाईल, हा एक आकडा ठळक छापावा. आणि ते पान ग्राहक मागेल त्या भाषेत मिळावे. गुजरातेत मराठी, बेळगावात मराठी, तेलंगणात मराठी मागितले तरी. ठराव हैदराबादला नियामकाकडे आणि आपल्या खासदारांकडे जाईल. इतर गावच्या मंडळांनी हाच मसुदा आपापल्या सभेत मांडावा अशी विनंती आहे, एका गावचे पत्र फायलीत जाते आणि सहा गावची सहा आली तर निदान कोणीतरी उघडून पाहते.

मसुदा कार्यवाहांकडे आहे, सूचक आम्ही, अनुमोदक हवेत. आणि पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांना आपला विम्याचा कागद कोणाबरोबर तरी वाचायचा असेल त्यांनी तो घेऊन यावे. चष्मा आपापला आणावा.