शीलाचा उंबरठा
(नेरे, ता. पनवेल येथील महिला मेळाव्यातील भाषण)



पनवेलहून लोकलने मुंबईला जाऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर उभं राहिलं, की घुमटावर एका बाईचा पुतळा दिसतो. तिचं नाव 'प्रगती'. उच्च न्यायालयाच्या माथ्यावर 'न्याय' आणि 'दया' आहेत, त्याही बायकाच. ती इमारत १८७८ साली पूर्ण झाली. तिथे पहिल्या स्त्री न्यायाधीश, सुजाता मनोहर, आल्या १९७८ साली. पुतळ्यातली बाई आणि हाडामांसाची बाई यांत शंभर वर्षांचं अंतर!

गुणांना बाईचं रूप देण्याची ही रीत ग्रीस-रोमपासूनची. रोमने न्याय, एकोपा, स्वातंत्र्य यांना देवी मानलं. रोमच्या बाईला मात्र मत नव्हतं, राज्यकारभारात पद नव्हतं.

त्यांच्यात शीलाचीही देवी होती, पुडिकिटिया. इतिहासकार लिव्हीने इ. स. पूर्व २९६ ची हकिकत सांगितली आहे. व्हर्जिनिया या उच्चकुलीन स्त्रीला त्या देवीच्या पूजेला मज्जाव झाला. कारण, तिने सामान्य कुळातल्या पुरुषाशी लग्न केलं होतं. तो त्या वर्षी राज्याच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होता, तरीही! व्हर्जिनिया गप्प बसली नाही. तिने राहत्या घराचा एक भाग वेगळा काढला आणि सामान्य कुळातल्या स्त्रियांसाठी शीलाची वेदी उभारली.

पण त्या वेदीवरही पूजेचा मान एकदाच लग्न झालेल्या बाईला. कुळाची अट गेली, नवऱ्याची राहिली.

आपल्याकडे काय आहे? तिथे दुसरं लग्न केलं की मान संपला. इथे नवरा गेला की हळदीकुंकू संपलं. मोजपट्टी दोन्हीकडे नवराच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव ग्रामपंचायत करते. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र आपणच पाठवतो.

नेऱ्यात शांतिवन आहे. कुष्ठरोग झाला म्हणून आपल्याच माणसांनी दूर लोटलेल्यांना तिथे आसरा मिळाला. उंबरठ्याबाहेर राहणं म्हणजे काय, हे या गावाला शिकवायला नको.

म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करताना आधी विचारू या, हिच्यात कोण नाही? विधवा, टाकलेली, दुसऱ्यांदा संसार मांडलेली, लग्नच न केलेली. पहिला निरोप त्यांच्या घरी जाऊ दे.