अग्निबाण आणि विमानांची वाट

श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं रेल्वेच्या फाटकाशीं कधीं ना कधीं तिष्ठत वेळ काढला असेल. आगगाडी दृष्टीसही पडलेली नसते, तरी फाटक बंद असतें; कारण ती कोणत्या क्षणीं येऊन पोंचेल, हें फाटकवाल्यास निश्चित ठाऊक नसतें. त्याची माहिती जितकी अपुरी, तितका अधिक वेळ रस्ता अडवून ठेवणें त्याला भाग पडतें. अमेरिकेच्या आकाशांत आज हाच प्रश्न मोठ्या स्वरूपांत उभा आहे. तेथें फाटकाशीं उतारूंनीं भरलेलीं विमानें थांबतात, आणि आगगाडीच्या जागीं असतात खासगी कंपन्यांचे अग्निबाण.

खासगी अग्निबाणांना परवाना देण्याचा कायदा अमेरिकेंत १९८४ सालीं झाला. पुढें कित्येक वर्षें अशीं उड्डाणें इतकीं विरळ होतीं कीं, त्यांच्यासाठीं आकाशाचा एखादा पट्टा कांहीं तास बंद ठेवला, तरी फारसें कोणाचें अडत नसे. सप्टेंबर २०२४ मध्यें संपलेल्या सरकारी वर्षांत मात्र परवान्याखालीं झालेल्या उड्डाणांची व पुनरागमनांची संख्या १४८ वर गेली. त्यांतील बरींच उड्डाणें फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून होतात, आणि त्याच किनाऱ्यालगत विमानांचे गजबजलेले मार्ग आहेत.

अग्निबाण विमानांच्या उंचीचा थर एक-दीड मिनिटांत ओलांडून जातो. मग आकाश तासन्‌तास बंद कशासाठीं? याचीं कारणें दोन. हवामानामुळें किंवा यंत्रांतील दोषामुळें उड्डाणाचा क्षण पुढें ढकलला जातो, हें एक. आणि अग्निबाण वाटेंत भंगलाच, तर त्याचे तुकडे कोठें पडतील याची शाश्वती नसते, हें दुसरें.

या दुसऱ्या कारणाचें गांभीर्य १ फेब्रुवारी २००३ रोजीं प्रत्ययास आलें. अमेरिकन सरकारचें ‘कोलंबिया’ यान परततांना टेक्सस राज्यावर सुमारें ६० किलोमीटर उंचीवर भंगलें, आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखीं पडले. यानाचे तुकडे ज्या आकाशांतून खालीं आले, त्यांतच त्या वेळीं प्रवासी विमानें उडत होतीं. जड तुकडे लवकर जमिनीस लागतात. हलके तुकडे वाऱ्याबरोबर वाहत बराच काळ हवेंत राहतात. मागाहून केलेल्या गणितांत असें आढळलें कीं, प्रवासी विमानास तुकडा लागण्याची शक्यता निदान हजारांत एक इतकी होती. आज परवाना मागणाऱ्या कंपनीला ती शक्यता दहा लाखांत एकाच्या आंत राखावी लागते. या दोन आंकड्यांतील अंतर दैवावर न सोडतां भरून काढणें, हेंच विमानवाहतूक नियंत्रणाचें नवें कार्य होय.

त्यासाठीं साधनें बदलावीं लागलीं. पूर्वीं अग्निबाणाची वार्ता टेलिफोनवरून नियंत्रकांकडे येई आणि हातानें नोंदली जाई. जून २०२१ पासून संघीय विमानवाहतूक खात्यानें ‘स्पेस डेटा इंटिग्रेटर’ नांवाची यंत्रणा कामास लावली. या योजनेंत सहभागी झालेल्या कंपनीच्या यानाचें स्थान, उंची व वेग हीं तिच्या योगानें तत्क्षणीं नियंत्रकांसमोर उमटतात. यान नियोजित मार्ग सोडूं लागलें, तर तेंही दिसतें. कार्यपद्धतीही सुधारली. आकाश बंद ठेवण्याचा सरासरी काळ चार तासांहून अधिक होता, तो दोन तासांहून थोडा अधिक इतका खालीं आल्याचें खात्यानें त्याच वर्षीं जाहीर केलें.

परंतु फाटक थोडाच वेळ बंद ठेवावयाचें, तर प्रसंगीं तें क्षणार्धांत लावतांही आलें पाहिजे. १६ जानेवारी २०२५ रोजीं टेक्ससच्या दक्षिण टोंकाहून उडालेल्या ‘स्टारशिप’ यानाशीं सुमारें साडेआठ मिनिटांनीं संपर्क तुटला, आणि त्याचे अवशेष टर्क्स व केकॉस बेटांच्या बाजूस कोसळले. आधीं बंद केलेल्या क्षेत्राबाहेर अवशेष पडूं लागले, म्हणजे तांतडीचें प्रतिबंधक क्षेत्र जाहीर करतात. तेथील विमानांना बाहेर काढावयाचें व इतरांना आंत येऊं द्यावयाचें नाहीं, असा नियम आहे. त्या सायंकाळीं तो अंमलांत आला. तथापि क्षेत्राबाहेर घिरट्या घालीत थांबलेल्या कांहीं विमानांचें इंधन कमी होऊं लागलें, आणि त्यांच्या वैमानिकांनीं अन्यत्र उतरण्याची अनुज्ञा मागितली. ६ मार्च २०२५ रोजीं पुन्हां तसेंच घडलें. सुमारें २४० विमानांच्या फेऱ्या विस्कळित झाल्या.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. वरून पडणारा तुकडा जसा घातक, तसें अनिश्चित काळ थांबणेंही निर्धोक नव्हे. म्हणून केवळ मोठा प्रदेश बंद करणें म्हणजे सुरक्षितता नव्हे. तुकडे नेमके कोठें पडत आहेत आणि विमानांच्या उंचीपर्यंत ते केव्हां येतील, हें नियंत्रकास वेळेवर कळलें, तरच तो वैमानिकाला नेमका मार्ग सांगूं शकेल. ही माहिती प्रथम कंपनीच्या हातीं असते; ती तत्काळ देणें हा सौजन्याचा भाग न राहतां परवान्याची अटच असली पाहिजे. अग्निबाण सोडणाऱ्यानें आपण होऊन धोका पत्करलेला असतो. विमानांत झोंपलेल्या उतारूला त्याची वार्ताही नसते. दोघांसाठीं आकाश एकच आहे, आणि त्याचें फाटक सांभाळणाऱ्याला वेळेवर माहिती मिळण्यावरच त्या उतारूचा जीव अवलंबून आहे.