शेजारच्या पेशीचा निरोप



धरणगावकरांनी पदवीदानाला बोलावलं आहे, तर मला पोटाबद्दल बोलू द्या. माझ्या अभ्यासाचा विषयच तो आहे.

आज घरी जाऊन जेवाल, ते अन्न अंगी लावणारं लहान आतड्याचं अस्तर बरंचसं याच आठवड्यात तयार झालेलं असेल. तिथल्या बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत झडतात. नव्या येतात त्या अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशींपासून. एकाच आईच्या या लेकी. पण एक अन्न शोषते, दुसरी बुळबुळीत श्लेष्मा सोडते, तिसरी जंतू मारणारी द्रव्यं आणि चौथी संप्रेरकं. जनुकं सगळ्यांत तीच. मग कोणी काय व्हायचं, हे ठरवतं कोण?

ठरतं ते शेजारणीच्या निरोपावर. तळाशी विंट नावाच्या प्रथिनांचा जोर असतो, म्हणून तिथली मूलपेशी मूलपेशीच राहते, विभागत राहते. लेक वर सरकू लागली की विंट ओसरतं आणि नॉच नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं काम दिसू लागतं. एखादी पेशी स्राव करणारी व्हायला निघाली की तिच्या पृष्ठभागावर डेल्टा जातीचं प्रथिन येतं. ते शेजारणीच्या नॉचला भिडतं. नॉचचा आतला तुकडा तुटून थेट केंद्रकात जातो आणि शेजारणीची स्रावाची वाट बंद करतो. मग ती शोषणारी होते. हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधल्या गटाने 2005 साली उंदरांत हा निरोप औषधाने तोडला, तर खळग्यातल्या विभागणाऱ्या पेशी श्लेष्मा सोडणाऱ्या होऊन बसल्या.

मला सर्वांत भावते ती पॅनेथ पेशी. मूलपेशीचीच ही लेक, पण वर न जाता तळाशीच राहते. ती जंतू मारते एवढंच पूर्वी माहीत होतं. 2011 मध्ये कळलं की आईला मूलपेशी म्हणून टिकवणारे निरोपही तीच पुरवते.

हे ज्ञान सुरू झालं चिलटांपासून. जळगाव जिल्ह्यात जास्त पिकलेल्या केळीवर घोंघावणारी चिलटं कुणी पाहिली नाहीत? प्रयोगशाळेतली ड्रॉसोफिला त्यांतलीच. नॉचचा माग तिच्या पंखाच्या कडेला पडणाऱ्या खाचेवरून लागला. आणि 1973 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले आर. पी. शर्मा यांनी बिनपंखाच्या चिलटाची नोंद केली, 'विंगलेस'. उंदराच्या स्तनातल्या गाठींत 1982 साली एक जनुक सापडलं होतं. ते आणि विंगलेस एकाच कुळातले, हे 1987 मध्ये सिद्ध झालं. तेच विंटचं कुळ. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बहुतेकदा याच निरोपाला आवर घालणारं जनुक बिघडलेलं असतं. दिल्लीतली ती छोटीशी नोंद आपल्या मुलांना शाळेत शिकवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्या खानदेशाचं. नंदुरबारच्या पाड्यांवर मुलं कुपोषित आहेत. घाण पाणी आणि सततचे जुलाब यांनी अस्तरावरचे बारीक उंचवटे खुजे होतात, मग पोटात गेलेलं अन्नही पुरतं शोषलं जात नाही. अशा आतड्यात निरोपांचं नेमकं काय बिघडतं, याचा इथे बसून अभ्यास व्हायला हवा. एका मूलपेशीपासून काचेच्या ताटलीत इवलं आतडं वाढवता येतं, हे तोशिरो सातो यांनी 2009 मध्ये क्लेव्हर्स यांच्याच प्रयोगशाळेत दाखवलं आहे. प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलामुलींनो, एम.एस्सी.ला विषय निवडताना हा प्रश्न विचारात घ्या, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.