आईच्या डब्यांचं माप

आज कोड नाही, ॲप नाही. आज किचन ट्रॉली.

हसू नका. दोन वर्षांपूर्वी पुण्यात फ्लॅट घेतला, तेव्हा ओट्याखालच्या ट्रॉल्यांचं डिझाइन मी स्वतः केलं. बीटेक झालंय ना आपलं! एक्सेल शीट, थ्रीडी मॉडेल, सगळं. कपाट ६० सेंटीमीटर रुंद, आईचे स्टीलचे डबे १८ सेंटीमीटरचे. म्हणजे एका रांगेत तीन, दोन रांगांत सहा. दोन ट्रॉल्यांत बारा डबे. सोपं गणित.

प्रत्यक्षात रांगेत दोनच मावले.

का? ६० हे बाहेरचं माप. दोन्ही बाजूंचा १८ मिलीमीटरचा प्लाय गेला, उरले ५६.४ सेंटीमीटर. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडे मिळून साधारण २६ मिलीमीटर, उरले ५३.८. ड्रॉवरच्या स्वतःच्या भिंती १२-१२ मिलीमीटरच्या. आत जागा ५१.४. तीन डब्यांना लागतात ५४. संपला विषय.

आई काही बोलली नाही. उरलेले चार डबे तिनं वरच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. रवा, पोहे, साबुदाणा, भाजणी. मला वाटलं, झालं ॲडजस्ट.

मग एका सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होतो आणि आतून धाडकन आवाज आला. स्टुलावरून पोह्यांचा डबा काढताना आई पडली होती. मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. आणि पोहे कुणासाठी? माझ्याच नाश्त्यासाठी.

ते सहा आठवडे स्वयंपाक मी केला. रोज त्या स्टुलावर चढलो, तेव्हा कळलं.

मी म्हटलं, आई, डबेच लहान घेऊ. ती म्हणाली, "अरे, त्यावर माझं नाव कोरलंय. लग्नातले आहेत ते." विषय बंद.

शेवटी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी टेप काढलीच नाही. म्हणाले, "आधी सगळे डबे फरशीवर मांडा. रोजचे इकडे, आठवड्याचे तिकडे, सणावारीचे पलीकडे." मग ट्रॉलीत चार कोपऱ्यांत चार डबे ठेवले आणि मधल्या जागेत पाचवा. बसला! गोल डब्यांना मी रांगेतच उभं करत होतो. दोन ट्रॉल्यांत आठाचे दहा झाले. वरच्या कपाटाच्या तळाला पाहुण्यांचा डिनर सेट होता, तो सगळ्यात वर गेला. साबुदाणा, भाजणी तळाच्या फळीवर आली. खर्च? सुतारकाकांचा चहा.

तर तुमच्या घरी ट्रॉल्या करणार असाल, तर तीन गोष्टी. एक, कपाटाचं नाही, ड्रॉवरच्या आतलं माप विचारा. दोन, डबे आधी फरशीवर मांडा. ट्रॉलीत डबा वरून दिसतो, म्हणून नावाची पट्टी झाकणावर लावा. तीन, जी व्यक्ती रोज तिथे उभी राहते, तिचा हात कुठवर पोचतो ते मोजा.

ऑफिसात आम्ही युजरला विचारल्याशिवाय एक बटण हलवत नाही. घरी मात्र मी आईला एकदाही विचारलं नव्हतं.

आता स्टूल गॅलरीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर आज घरी एकदा विचारा, कुठला डबा हाताला येत नाही?